गंगाफय: एका अंगणवाडीत शिकवण्याची पद्धत निवडताना

भिंतीवरच्या तक्त्यावर बारा भाज्यांची चित्रं होती. ताईंनी पट्टी एका चित्रावर ठेवून विचारलं, "हे काय आहे?" सोळा मुलं गप्प. मग ताईंनीच सांगितलं, "भोपळा." सोळा तोंडांतून एका सुरात "भो-प-ळा" आलं आणि पट्टी पुढच्या चित्रावर सरकली. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. भेटवहीत मी लिहिलं, "मुले शांत व शिस्तबद्ध. तक्तावाचन चांगले."

तासाभराने खिचडीची वेळ झाली आणि मुलं हात धुवायला बाहेर आली. अंगणवाडीच्या कुंपणाला लागून एक धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर आहे. त्या धाब्यावर वेल चढलेला आणि वेलाला हे एवढं फळ. चार वर्षांच्या एका मुलीने ओलं बोट वर केलं. "देख, गंगाफय! काल मन्ही मायनी भाजी करी व्हती." शेजारच्या मुलाला ते पटलं नाही, त्याच्या मते त्यांच्या वावरातलं याहून मोठं होतं. किती मोठं? त्याने दोन्ही हात पसरले. तिसऱ्याने सांगितलं की ते गोड असतं, चौथ्याने सांगितलं की बैलही खातो. नळ तसाच वाहत होता.

लाल भोपळ्याला आमच्याकडे, खानदेशात, गंगाफळ म्हणतात, आणि इथल्या अहिराणी तोंडात त्याचं 'गंगाफय' होतं. तक्त्यावरची भाजी आणि धाब्यावरची भाजी एकच होती. तासापूर्वी जी मुलं मुकी होती, त्यांच्याकडे तिच्याबद्दल आकार, चव, तुलना, मालकी असं सगळं सांगायला होतं. भेटवहीतलं ते वाक्य मी खोडलं नाही. अजून तसंच आहे, माझ्या सहीसकट.

ताईंचा प्रश्न

मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका. माझ्या बीटात, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या भागात, चोवीस अंगणवाड्या आहेत. ही त्यातली एक, पारोळा तालुक्यात बोरी नदीकाठच्या एका गावातली. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. कपाशी, बाजरी, थोडा मका, आणि घरोघर अहिराणी. पटावर तीन ते सहा वयाची २८ मुलं. रोज पंधरा-सोळा येतात. सात जण सकाळी तालुक्याच्या इंग्रजी नर्सरीच्या व्हॅनमध्ये बसतात. उरलेली, कापूस वेचणी सुरू झाली की, आईबरोबर वावरात.

ताईंचं माहेर संगमनेरकडचं. बारावी झालेल्या, हौशी, रांगोळी सुंदर काढणाऱ्या. त्या दिवशी जाताना त्यांनी मला दारात थांबवलं.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका. प्रशिक्षणात सांगतात खेळातून शिकवा. पालक म्हणतात वही भरलेली दाखवा. शाळेचे गुरुजी म्हणतात पहिलीत येताना मुळाक्षरं आली पाहिजेत. तुम्ही येता तेव्हा तक्ते लावलेले पाहता. मी नेमकं कसं शिकवू?"

प्रश्न सरळ होता आणि माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून सहा सेवांमध्ये शाळापूर्व शिक्षण आहे. पण बैठकीत आम्ही वजन, आहार, लसीकरण आणि पोषण ट्रॅकर या ॲपमधल्या नोंदी यांवर दोन तास बोलतो, आणि शिक्षणावर चहा आल्यावर. त्यामुळे सेविकेने पद्धत निवडायची म्हणजे जो शेवटचा बोलून गेला त्याचं ऐकायचं, असंच बहुतेक ठिकाणी चालतं.

माझी पहिली चूक

मी ताईंना खेळाचे कोपरे करायला सांगितलं. बाहुलीघर, ठोकळे, चित्रं, पुस्तकं, माती आणि मणी, असे सहा कोपरे. मुलांनी हवं तिथे जावं, मोठ्यांनी लक्ष ठेवावं. कागदावर ही पद्धत उत्तम आहे. मोठी खोली, पुरेसं साहित्य आणि दोन-तीन मोठी माणसं असतील तर प्रत्यक्षातही उत्तम आहे. इथे खोली होती वीस बाय पंधराची. त्यातला एक कोपरा धान्याच्या कोठीने आणि दुसरा वजनकाट्याने अडवलेला. मोठं माणूस एक.

चौथ्या दिवशी ताईंचा फोन आला. ठोकळ्यांवरून एका मुलाच्या डोक्याला खोक पडली होती. फार लागलं नव्हतं, पण आई भांडायला आली होती. मण्यांचा कोपरा तर मीच बंद करायला हवा होता. तीन वर्षांचं मूल हाताला लागेल ते नाकात घालून पाहतं. चिंचोके, हरभरे, मणी हे सगळं मोठ्या मुलांसाठी, तेही डोळ्यांसमोर. (जाता जाता: कपाशीची सरकी काही जणी मोजायला देतात. पाकिटातल्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, त्याचा रंगच सांगतो. ते अंगणवाडीच्या आसपासही नको.)

पुढच्या भेटीत कोपरे आवरलेले होते आणि ताईंनी मोबाईलवर बालगीतं लावली होती. मुलं एका चौकोनाभोवती डोकी जोडून बसलेली, अगदी टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. ताई म्हणाल्या, "हे मात्र जमतं मॅडम." जमणारच.

रेघा

त्या दिवशी मी सूचना दिली नाही. वही उघडली, पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे ताईंचं वाक्य, उजवीकडे मुलाचं स्वतःचं वाक्य. सामूहिक आरोळी धरायची नाही, ताईंच्या मागून म्हटलेलं धरायचं नाही. अर्धा तास फक्त रेघा ओढल्या.

डावी बाजू पानभर झाली. उजवीकडे सहा रेघा. त्या सहांतली चार वाक्यं एकच होती: "माले मुतले जानं शे."

ताईंना पान दाखवलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग त्यांचं हसू गेलं. मला मात्र एक धागा सापडला होता. मुलं स्वतःहून बोलली ती गरज अडली म्हणून, आणि बोलली ती अहिराणीत. आम्ही इतके दिवस तक्ता की खेळ, वही की माती असा वाद घालत होतो. पण तक्ता मराठीतला होता, खेळाच्या सूचना मराठीत होत्या, मोबाईलमधली बाईसुद्धा मराठीतच गात होती. पद्धत बदलत होती, मुलाचं तोंड बंदच राहत होतं. तिथून पुढे आम्ही प्रत्येक तंत्राला एकच कसोटी लावायची ठरवली: यात मूल बोलतं का, आणि कोणकोणतं मूल बोलतं?

"मग मी अहिराणी बोलू?" ताईंनी विचारलं. प्रश्नात भीती होती. अहिराणी त्यांना समजते, लग्नाला आठ वर्षं झाली. पण बोलायला गेल्या की सासरची माणसं हसतात. आणि त्यांचं 'शुद्ध' बोलणं हेच गावात त्यांचं वजन आहे. "ताई पुस्तकासारखं बोलतात," असं लोक कौतुकाने सांगतात. ते वजन मी काढून घ्यायला निघाले होते.

मावशी

उत्तर खोलीच्या बाहेर, ओट्यावर तांदूळ निवडत बसलं होतं.

मदतनीस मावशी याच गावच्या लेक आणि याच गावच्या सून. पन्नाशीच्या. सकाळी मुलांना घरोघरून गोळा करून आणतात, झाडतात, पाणी भरतात, मुलांची नाकं पुसतात. रस्त्याने येताना मुलं त्यांच्याशी अखंड बोलतात. कुणाच्या म्हशीला काय झालं इथपासून कुणाचा बाप रात्री पिऊन आला इथपर्यंत. दारात पोचलं की मुलं ताईंच्या हवाली, आणि बोलणं बंद. रोजचं सगळ्यात मोठं भाषाशिक्षण अंगणवाडीच्या उंबऱ्याबाहेर संपत होतं, आणि मी पाच वर्षं तो उंबरा ओलांडून आत जात होते.

मावशी आधी तयार होईनात. "बाई, मी चौथी शिकेल. माले काय येस?" मी म्हटलं, गोष्ट येते का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

खिचडी गावातला बचत गट करून आणतो, त्यामुळे मावशींना साधारण अर्धा तास मोकळा मिळत होता. तोच घेतला. ठरलं असं. एक गोष्ट तीन दिवस चालवायची. पहिल्या दिवशी मावशी ती अहिराणीत सांगणार, वस्तू हातात घेऊन. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट ताई मराठीत सांगणार, त्याच वस्तूंनिशी. तिसऱ्या दिवशी मुलं ती करून दाखवणार, कोणत्याही भाषेत.

ताईंची पहिली सूचना होती की दोघींनी मिळून एकदमच सांगावं, एक वाक्य अहिराणीत, लगेच तेच मराठीत. दिसायला सोपं, पण ते आम्ही टाळलं. आपल्या भाषेतलं वाक्य लगेच येणार आहे हे कळलं की मूल दुसऱ्या भाषेतलं ऐकायचं सोडून देतं. आपणही हिंदी-इंग्रजी दोन्हीत होणारी घोषणा ऐकताना तेच करतो. गोष्ट आधीपासून ओळखीची असली की मराठी शब्दाला लटकायला खुंटी मिळते.

गंगाफळाचा आठवडा

पहिली गोष्ट मावशींनीच निवडली. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मावशींची म्हातारी मात्र पारोळ्याहून एरंडोलला निघाली. वाटेत नदीचं पात्र लागलं, मग काटेरी बाभळीचं बन, आणि मग "वाघ उना!" धाब्यावरचं गंगाफळ शेजाऱ्यांकडून मागून आणलं होतं. मावशींनी ते मधोमध ठेवलं आणि विचारलं, यात म्हातारी मावेल का? सोळा जण एकदम बोलू लागले. मावणार नाही म्हणणारे आणि मावेल म्हणणारे असे दोन पक्ष पडले. एकाने उपाय सुचवला की म्हातारीने पाय दुमडायचे. मी उजवीकडे रेघा ओढायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या मिनिटाला सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मराठीत सांगितलं. "आणि मग कोण आला?" "वाघ उना!" "हो, वाघ आला." त्यांनी 'उना' चूक आहे असं म्हटलं नाही, फक्त आपल्या वाक्यात 'आला' ठेवला. हे आधी ठरवलेलं होतं, पण ऐन वेळी जीभ आवरणं कठीण असतं, आणि त्यांनी आवरली. दोन-तीन फेऱ्यांनंतर मोठी मुलं "वाघ आला" म्हणू लागली. लहान तीन वर्षांची "उना"वरच राहिली. राहू दिली.

गोष्ट तीन दिवसांत संपली, फळ संपलं नाही. ताईंनाच सुचलं की आता हे इथे आहे तर वापरू. कोण उचलू शकतं? दोघांनी मिळून? गडगडतं का, कोणत्या बाजूने गडगडत नाही? सुतळीने त्याचा घेर मोजला आणि तीच सुतळी एकेकाच्या पोटाभोवती धरून पाहिली. ताईंच्या पोटाला पुरली नाही तेव्हा जे हसू उसळलं त्याचं वर्णन मला जमणार नाही. चौथ्या दिवशी मावशींनी विळीवर फळ चिरलं. आतला रंग, धागे, वास, ओलसरपणा. पाच-सहा वर्षांच्या मुलांनी बिया वेगळ्या केल्या, धुतल्या, सुपात वाळत घातल्या. एकाला एक लावून मोजणं यातच झालं: प्रत्येक वाटीत एक बी, मग आणखी एक. कोणाची वाटी राहिली? दोन वाट्यांत सारख्याच आहेत का? मोठ्याने 'एक ते शंभर' म्हणणारी मुलगी सात बियांनंतर अडखळली, तेव्हा ताईंना पाठांतर आणि मोजणी यातला फरक मी न सांगता दिसला. फोडी बचत गटाच्या ताईंकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी भाजी आली. एरवी भाजी बाजूला सारणाऱ्या दोघांनी ती मागून खाल्ली.

एवढ्या आठवड्यात तक्त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. शनिवारी त्या चार वर्षांच्या मुलीने स्वतःच जाऊन चित्रावर बोट ठेवलं: "ताई, हाई आपलं गंगाफय." आणि जरा थांबून, "भोपळा." तक्ता वाईट नव्हता. आम्ही तो शेवटी आणायचा सोडून आधी आणला होता.

'ळ' आणि 'य'

यानंतर एक बारीक पण चिवट अडचण आली. अहिराणीत 'ळ'चा बहुधा 'य' होतो: डोळा डोया, काळा काया, शाळा शाया. 'ण'चा 'न' होतो: पाणी पानी. ताईंना ते उच्चारदोष वाटत होते आणि त्या प्रत्येक वेळी थांबवून सुधारत होत्या. "मी शायामा..." म्हणून सुरू झालेलं वाक्य "शा-ळे-त" या दुरुस्तीपाशी मरून जायचं. शाळेत काय झालं ते राहूनच जायचं.

हे तोतरेपण किंवा बोबडेपण नाही, त्या बोलीचा नियम आहे. आजोबांच्या तोंडीही तोच आहे. मुलाला एक आवाज 'येत नाही' असं नसून त्याच्या घरच्या भाषेत तो तिथे नाही. आम्ही दुरुस्ती बंद केली आणि आवाजाचे खेळ वेगळे सुरू केले. नावावर टाळ्या: ज्याच्या नावात तीन टाळ्या तो उभा राहील. गं-गा-फय तीन, भो-प-ळा तीन. एकाच आवाजाने सुरू होणारे शब्द गोळा करायचे, अहिराणी-मराठी दोन्ही चालतील. अक्षर डोळ्यांना दाखवण्याआधी कानाला शब्द तोडता आला पाहिजे. 'ळ' या खेळांतून, ऐकून ऐकून, मोठ्या मुलांच्या तोंडी येऊ लागला. कुणी 'काळा' म्हणे, लगेच पुढच्या वाक्यात 'काया'.

वहीचा तिढा

जानेवारीत पालकसभा घेतली. एक आजोबा, गावात त्यांना आबा म्हणतात, शेवटपर्यंत ऐकत बसले आणि मग म्हणाले, "अहिरानी ते त्याले घरमाच येस. आठे कसाले शिकाडतस?"

हसायला आलं नाही कुणाला, कारण प्रश्न खरा होता. मी सांगितलं की अहिराणी शिकवत नाही, अहिराणीतून मराठीकडे नेतोय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० सांगतं की जिथे शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याचाही जोर त्यावरच आहे. आबा म्हणाले, कागद तर सरकार पुष्कळ काढतं. मग मी बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडकांचं सांगितलं. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी महागडी माँटेसरी साधनं न आणता शंख-शिंपले, बिया, पानं, दगड वापरले. आबांनी विचारलं, "त्या मुलांना लिहिता आलं का शेवटी?" आलं, म्हटलं. "मग लिहिण्याचं बोला."

आबा बरोबर होते. गावाला लिहिण्याबद्दल उत्तर हवं होतं आणि आम्ही ते टाळत होतो.

ताईंनी मनगटाचं सांगितलं, प्रशिक्षणातलं त्यांना चांगलं लक्षात होतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मताना ती कूर्चेचीच, म्हणजे मऊ, लवचीक असतात, हळूहळू त्यांची हाडं होतात, आणि चार वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत साधारण निम्मीच दिसतात. त्या हाताला रोज दोन पानं 'अ' गिरवायला लावणं म्हणजे वासराला औत जुंपणं. 'औत' शब्दावर सभेत मान हलली. पण तेवढ्याने वहीची मागणी गेली नाही, आणि जाणारही नव्हती. त्या व्हॅनमधल्या मुलांच्या दप्तरात भरलेली वही असते. आई रात्री ती उघडते. फी कशाची दिली ते तिला तिथे दिसतं.

म्हणून वही दिली. मात्र ती चित्राची. मूल काढेल ते काढेल, मग ताईंना सांगेल हे काय आहे, आणि ताई ते वाक्य मुलाच्या देखत खाली लिहितील. जसं सांगितलं तसं. यावर आमच्यात वाद झाला. ताईंचं म्हणणं, लेखी तरी मराठीत हवं. माझं म्हणणं, वाक्य बदललं की ते त्याचं राहणार नाही. शेवटी मोठ्या गटापुरतं असं ठरलं की वर मुलाचं वाक्य, आणि पुढच्या महिन्यापासून खाली ताईंचं मराठी वाक्य. लहानांच्या वहीत फक्त त्यांचं.

आबांच्या नातवाच्या वहीत चार वाकड्या रेघा आणि एक काळा गोळा होता. खाली लिहिलेलं: "हाई मन्हं वावर शे. मन्हा बाप बैल लई ग्या." संध्याकाळी ती वही पारावर पोचली. आबांनी वाचली, शेजाऱ्याने वाचली, कुणीतरी विचारलं बैल कुठे आहे, आणि नातवाने काळ्या गोळ्यावर बोट ठेवलं. आपली भाषा वहीत लिहिलेली आबांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. हा माझा अंदाज, त्यांनी तसं काही म्हटलं नाही. एवढंच झालं की पुढच्या सभेत लिहिण्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. गुरुजींनी विचारलं. गुरुजी अजून समाधानी नाहीत, आणि जूनमध्ये मुलं त्यांच्याकडे जाणार आहेत, तेव्हा त्यांच्याशी बसणं बाकी आहे.

काय राहिलं, काय गेलं

मोबाईल गेला. कोपऱ्यांतले दोन राहिले, माती आणि पुस्तकं, तेही आळीपाळीने. ताई पाच-सहा मुलांचा गट घेऊन वीस मिनिटं बसतात तेव्हा उरलेली मावशींजवळ ओट्यावर माती मळतात. एकत्र सूर लावून आकडे म्हणणं मी बंद करा म्हटलं होतं, ताईंनी केलं नाही. सकाळी रडत आलेलं मूल त्या सुरात मिसळून शांत होतं, असं त्यांचं म्हणणं. मी चार दिवस बघितलं, खरंच होतं. त्यात कुणी एकटं बोलत नाही हेही खरं, पण दिवसाची पहिली पाच मिनिटं न बोलता सामील होण्यासाठी असू शकतात, हे मला त्यांच्याकडून कळलं.

फेब्रुवारीत पुन्हा अर्धा तास रेघा ओढल्या. उजवीकडे चाळीसच्या वर गेल्या. पण मला हेही दिसलं की त्यातल्या निम्म्या पाच मुलांच्या होत्या. बडबडी मुलं अधिक बडबडी झाली. तीन मुलींची एकेक रेघ होती. त्यानंतर ताईंनी गोष्टीच्या तिसऱ्या दिवशी खडा फिरवायला सुरुवात केली. ज्याच्या हातात खडा त्याने बोलायचं, नको असेल तर पुढे द्यायचा. व्हॅनमधल्या सातांपैकी एक मुलगा परत आला. आमच्यामुळे नाही, व्हॅनचा मार्ग बदलला म्हणून.

सालदाराचा मुलगा

त्या उजव्या बाजूला एका मुलाची एकही रेघ नव्हती, नोव्हेंबरातही नाही आणि फेब्रुवारीतही नाही. त्याचे आईबाप सातपुड्यातले पावरा आदिवासी, गावात एका शेतकऱ्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबणारे. घरात पावरी भाषा. त्याच्यासाठी मावशींची अहिराणीही परकीच होती. इतर मुलांसाठी आम्ही शोधलेला रस्ता त्याच्या दारापर्यंत जात नव्हता, आणि हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. सगळे एका बोलीत बोलू लागल्याच्या आनंदात तो आणखी एकटा पडला होता.

ताईंनी त्याच्या आईला गाठलं. पाणी, भूक, दुखतंय, ये, घरी, आई कधी येईल, एवढे शब्द पावरीत विचारून वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. रोज सकाळी त्यातला एक ताई म्हणायच्या, बहुतेक चुकीचा, कारण तो गालात हसायचा. बोलायचा आग्रह केला नाही. नवी भाषा ऐकणारं मूल कधीकधी काही महिने गप्प राहतं, त्या काळात त्याच्या हाताला काम हवं. माती त्याला फार छान जमायची. त्याने केलेल्या बैलाची शिंगं बाकीच्यांच्या बैलांपेक्षा वेगळी, मागे वळलेली होती, आणि त्यावरून मुलांचा घोळका त्याच्याभोवती जमू लागला. मार्चच्या शेवटी एका मुलाने त्याचा बैल उचलून घेतला तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "माले दे!" ताईंनी मला लगेच फोन केला. अहिराणीत, म्हणाल्या, ना पावरीत ना मराठीत.

सालदारकीचं वर्ष आमच्याकडे आखाजीला संपतं. अक्षय्य तृतीयेला हिशोब झाला आणि ते कुटुंब चोपड्याकडे दुसऱ्या मालकाकडे गेलं. ताईंनी वहीचं ते मागचं पान फाडून त्याच्या आईजवळ दिलं, तिथल्या अंगणवाडीताईंना दाखवा म्हणून. पानाच्या खालच्या कडेला त्यांनी त्यांच्या सुंदर अक्षरात आणखी एक ओळ घातली होती: "बैल छान करतो. शिंगं त्यालाच करू द्यावीत."